दाजी कंटेनर टाकतात

सोलापुरात माणूस साठीला आला की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर गुडघे दुखायला लागतात, नाही तर पुणे रोडला एकरभर रान घेतलं जातं. ज्यांच्या नशिबी दोन्ही येतं, ते रानात कंटेनर टाकायचा म्हणतात.

पूर्वी लोक रानात विहीर पाडायचे. मग बोअर मारायला लागले. मग फार्महाऊस बांधायची टूम निघाली, पण त्यात गवंडी आला, सेंट्रिंगवाला आला, वाळू आली आणि त्या वाळूमागोमाग तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळे आले. कंटेनरात म्हणे यातलं कुणीच येत नाही. "सकाळी ट्रेलर येतो, हायड्रा उचलून ठेवतो, संध्याकाळी आपण आत बसून चहा पितो." हे वाक्य मी सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत अनेक कट्ट्यांवर ऐकलं आहे. संध्याकाळी आत बसून चहा पिणारा माणूस मात्र मला फक्त मोबाइलवर भेटला. तिथं लांबवर हिरवळ असते, कंटेनरला काचेचं दार असतं, दारातून एक बाई वाफाळता मग घेऊन बाहेर येते आणि तिच्या अंगात स्वेटर असतो. सोलापूरकरानं त्या व्हिडिओत बाकी सगळं सोडून फक्त त्या स्वेटरकडं बघितलं असतं, तरी पुढचा खर्च वाचला असता.

आमच्या दाजींनी हिरवळ बघितली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. सरकारी नोकरीत हयात गेली, त्यामुळं कुठल्याही गोष्टीची फाईल केल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. कंटेनरचीही फाईल झाली. वर मोठ्या अक्षरात 'उपयोग' असा मथळा, खाली दोन रकाने: 'राहणे' आणि 'ठेवणे'. रान पुणे रोडला लांबोटीच्या पुढं, सीना नदीपासून फार लांब नाही. आक्काचा लांबोटीशी संबंध तिथल्या मक्याच्या चिवड्यापुरता. रानात राहायला जायचं या कल्पनेवर तिचं एकच म्हणणं होतं, "तुम्ही जावा की. मी चिवडा घ्यायला येत जाईन."

खरं तर कंटेनर या वस्तूची सोलापूरला नव्यानं ओळख करून द्यायला नको. गावाला समुद्र नाही, बंदर नाही, पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यापुढं कंटेनर लागलेला पोराटोरांनी बघितलेला असतो. न्हावा शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं आणि आपला टॉवेल तिकडून परदेशी जायला लागला. कंटेनर भरणं हे बघण्यासारखं काम असतं. ट्रेलर उलटा घेत घेत दाराला लावतात. आधी एकजण झाडू घेऊन आत जातो, कोपऱ्यात तेलाचा, रंगाचा डाग आहे का बघतो, कारण पांढऱ्या टॉवेलाला डाग लागला की गिऱ्हाईक तिकडून माल परत करतं. मग कार्टनच्या थरावर थर चढतात, मुकादम दारात उभा राहून खडूनं पाचापाचाच्या रेघा मारतो. उन्हाळ्यात हे काम पहाटेच उरकायला बघतात. ऊन चढलं की आतला हमाल पाच मिनिटं भरतो आणि दोन मिनिटं बाहेर येऊन उभा राहतो. हजारो टॉवेल डोक्यावरून जातात आणि घाम पुसायला गडी स्वतःचा गमछा काढतो. शेवटी दार लावून सील ठोकतात, सीलचा नंबर कागदावर चढतो आणि तो डबा परदेशातल्या कुठल्या तरी गोदामातच उघडतो.

कंटेनरमध्ये राहावं का, याचा सल्ला दाजींनी पुण्यातल्या एका इंटिरिअरवाल्या मुलीला विचारला. त्या हमालाला विचारला असता तर एका शब्दात उत्तर मिळालं असतं. तो शब्द इथं छापता येणार नाही.

या डब्याचा जन्म राहण्यासाठी झालेलाच नाही. माल्कम मॅक्लीन नावाचा अमेरिकेतला एक ट्रकवाला होता. बंदरावर गाडी उभी करून एकेक गाठ उतरवत बसण्याचा त्याला वैताग आला, म्हणून त्यानं ट्रकचं खोकंच उचलून जहाजावर ठेवायचं ठरवलं. २६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' हे जुनं तेलवाहू जहाज ५८ खोकी घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. हातानं माल चढवायला टनाला ५ डॉलर ८६ सेंट लागायचे, खोक्यानं तेच काम १६ सेंटांच्या आत बसलं. पुढं सगळ्या जगानं मापं एक केली आणि खोकी एकावर एक सात-आठ रचून समुद्रापार जाऊ लागली. यात कुठंही पलंग, देवघर आणि पाहुणे यांचा विचार झालेला नाही. मॅक्लीनला दोष देण्यात अर्थ नाही. त्यानं लांबोटी बघितली नव्हती.

पनवेल-उरणच्या पट्ट्यात जुन्या कंटेनरची यार्डं आहेत, त्यातल्या एकात दाजींनी मला बरोबर नेलं. तिथला पोरगा मोठा सरळ होता. त्यानं प्रती सांगितल्या: 'वन ट्रिप' म्हणजे एकच फेरी केलेला, जवळपास नवा, 'कार्गो वर्दी' म्हणजे अजून माल भरून जहाजावर चढेल असा, 'विंड अँड वॉटर टाइट' म्हणजे जहाजावर घेणार नाहीत, पण वारा-पाणी आत येणार नाही, आणि 'अ‍ॅज इज' म्हणजे आहे तसा, पुढं तक्रार ऐकली जाणार नाही. दाजी खूश झाले. म्हणाले, "एवढं स्वच्छ लग्नाच्या स्थळात कोण लिहितं का रे?"

दारावर पांढऱ्या अक्षरांत नंबर असतो, चार अक्षरं आणि सात आकडे. शेजारी एक धातूची पाटी. त्या पाटीवर डबा कधी बनला, किती वजन पेलतो हे लिहिलेलं असतं आणि खालच्या लाकडाला कोणतं औषध मारलंय तेही. खाली जाड मरीन प्लायवूड असतं. एका देशातली कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून त्याला कीटकनाशक दिलेलं असतं. घरात झुरळ दिसलं की औषध मारून दोन तास बाहेर बसणारी आपण माणसं, त्याच औषधाच्या फळीवर सतरंजी टाकून दुपारची झोप काढायचे बेत करतो. फळी काढून टाकावी, निदान वरून चांगलं बंद करून घ्यावी. आधीच्या जन्मात डब्यातून काय काय गेलं, हे पाटीवर लिहीत नाहीत. दाजींनी नाक लावून वास घेतला आणि हिंग असावा असा निकाल दिला.

मग परीक्षा. जुना कंटेनर तपासायची सर्वांत साधी रीत अशी, की आत उभं राहायचं, बाहेरून दार लावून घ्यायचं आणि अंधारात कुठून उजेड येतो ते बघायचं. उजेड आला तिथून पाणीही येणार. आम्ही आत गेलो. पोरानं दारं लावली, चारी दांडे फिरवून बंद केले. मिट्ट काळोख. दाजी मान वर करून फिरायला लागले.

"दिसतंय का काही?" मी विचारलं.

"एक दिसतंय. वायव्येला."

"आणखी?"

"थांब की. डोळ्याला सवय होऊ दे."

डोळ्याला सवय झाली, बाकीच्या अंगाला होईना. वरून ऊन, चारी बाजूंनी लोखंड. शर्ट पाठीला चिकटला. दाजींनी दार ढकलून बघितलं, तेव्हा एक महत्त्वाची माहिती हाती आली: कंटेनरचं दार आतून उघडत नाही. त्याला आतून कडीच नसते. टॉवेलाला आतून दार उघडायची गरज कधी पडलीच नव्हती. पोराला बाहेर फोन आला होता. तो बोलत बोलत लांब गेला आणि आम्ही पत्र्यावर थापा मारत बसलो. उघडल्यावर तो म्हणाला, "कसा वाटला काका?" दाजींनी घाम पुसत फाईल उघडली आणि 'राहणे'च्या रकान्यात लिहिलं, "स्वतंत्र दार आवश्यक."

यार्डवाल्याच्या तोंडी वीस बाय आठ असं असतं. ते बाहेरचं माप. आतून रुंदी पावणेआठ फुटांना जरा कमी, लांबी एकोणीस फुटांच्या थोडी वर, उंची सात फूट दहा इंच. म्हणजे आत दीडशे चौरस फुटांच्या जवळपास जागा. आता उन्हासाठी दोन्ही भिंतींना थर्माकोल किंवा रॉकवूल आणि वर प्लाय मारला की दोन्हीकडून तीन-तीन इंच गेले. राहिले सात फूट दोन इंच. त्यात सहा बाय साडेसहाचा पलंग. उभा टाकला तर एका बाजूनं चौदा इंचांची वाट राहते. आडवा टाकला तर पायथ्याशी आठ इंच राहतात आणि पलीकडच्या अर्ध्या घरात जायचं तर पलंगावरून जावं लागतं. पाहुण्यांना आपण एरवी 'या, बसा' म्हणतो. इथं 'या, चढा, उतरा, बसा' म्हणावं लागेल. छताला पंखा टांगला की पाती साडेसहा फुटांवर येतात आणि उभं राहून बनियन काढणं हे धाडसाचं काम होतं. एक फूट जास्त उंचीचा 'हाय क्यूब' मिळतो, त्यात बनियन काढता येतो. पण वीस फुटांत तो जरा शोधावा लागतो.

सोलापूरजवळ कुंभारीला विडी आणि इतर असंघटित कामगारांच्या रे नगरात तीस हजार घरांचा प्रकल्प आहे. त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ ला दिल्या गेल्या. घर तीनशे चौरस फुटांच्या आसपास, त्यात स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळं. विड्या वळणाऱ्या बायांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून मिळवलेलं घर दाजींच्या हौसेच्या दुप्पट आहे. मी हे दाजींना सांगितलं. ते म्हणाले, "आपण दोन कंटेनर जोडू."

आता ऊन.

सोलापूरला पत्रा नवा नाही. पत्रा तालीम हे नाव अभिमानानं मिरवणारं हे गाव. अर्ध्या गावानं बालपण पत्र्याखाली काढलेलं आहे आणि मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीसला पत्रा काय करतो हे कुणाला सांगायला नको. पण पत्र्याच्या घराला निदान चारही भिंती पत्र्याच्या नसतात, आणि भिंत-पत्र्याच्या मधून चिमण्यांसकट वारा येत असतो. कंटेनरला सहाच्या सहा बाजूंनी बंद राहायचं शिक्षण दिलेलं. आतला पारा बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंश सहज वर जातो. दाजींचं म्हणणं, कूलर लावू. सोलापूरच्या कोरड्या हवेत कूलर चालतो खरा, पण कूलरला गरम हवा बाहेर जायला समोर खिडकी लागते. बंद डब्यात कूलर लावला की थोड्या वेळात आत कोकण तयार होतं, फक्त नारळ नसतात. एसी लावा, भिंती नीट भरून घेतल्या असतील तर डबा झकास गार होतो. आणि रानातली थ्री फेज लाईन रात्री कधी येते, दिवसा कधी, हे वेळापत्रक दाजींना तोंडपाठ आहे.

अशा गप्पांत कुणीतरी एक जाणता हमखास निघतो आणि म्हणतो, "आपली माळवदं काय वाईट होती ओ?" आमच्याकडं ते अण्णा. माळवद म्हणजे जाडजूड भिंती, वर लाकडाच्या तुळया, फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत मडक्यातलं पाणी गार. खरं आहे. पण अण्णा एक गोष्ट सांगत नाहीत. पावसाळ्याआधी दरवर्षी वर नवी माती टाकायची, जुनी कुणी काढायचं नाही, आणि ते ओझं पिढ्यान् पिढ्या वाढत जायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून लोक दमून झोपलेले असताना, किल्लारीला आणि आसपासच्या गावांत भूकंप झाला आणि तीच दगडमाती माणसांवर आली. त्यानंतर किती तरी दिवस लोक धड असलेल्या घरातही झोपायला जात नव्हते, बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होते. त्या वर्षी या भागात पत्रा हे गरिबीचं नव्हे, जिवंत राहायचं साधन होतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा वाचलेल्यांना पायथ्याशी चौकजवळ कंटेनरमध्येच आसरा मिळाला. तिथं डबा कामाला येतो, आणि झटपट येतो, कारण तो आधीच बनलेला असतो. आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्याला पक्कं घर आहे, त्यावर गच्ची आहे, आणि तरीही आपल्याला डब्यात जायचंय. तेव्हा निदान त्याचा हिशेब तरी नीट व्हावा.

तर हिशेब असा. डब्याची किंमत कशाची? तो मजबूत आहे, बंद आहे, उचलून कुठंही नेता येतो, आणि झटकन मिळतो. आता राहायचं म्हणून खिडक्या कापल्या. पन्हळी भिंत कापली की डब्याची ताकद कमी होते, म्हणून कापलेल्या जागी चौकट वेल्ड करायची. उन्हासाठी आतून थर, वरून मांडव. संडासची टाकी, पाण्याची लाईन, मीटर. एवढं झाल्यावर तो उचलून नेता येत नाही, बंद राहत नाही, पूर्वीइतका मजबूत नसतो आणि तीन महिने वेल्डर घरचाच झालेला असतो. पैलवान जावई निवडून आणावा आणि लग्नानंतर त्याला भरतकामाला बसवावं, तसं हे आहे. जुना वीस फुटी डबा लाखाच्या पुढं मिळतो हे खरं, पण त्याचा एकेक गुण पुसायला परत तेवढेच पैसे जातात. मग त्यापेक्षा पोर्टा केबिन बरी. साइट ऑफिसला असते ती. बऱ्याच जणांना तीच कंटेनर वाटते. तिनं समुद्र बघितलेला नसतो, नव्यानं चौकट करून, भिंतीत थर भरून, खिडकी-दार-पंख्याच्या हुकासकट बनवून देतात. तिच्यावर सात डबे रचता येत नाहीत. पण लांबोटीला आपल्यावर कोण सात डबे रचणार आहे?

दाजींना पोर्टा केबिन पसंत पडली नाही. तिच्यावर नंबर नसतो.

आक्कानं आयुष्यात एकदाच कंटेनरमध्ये रस घेतला, तो वरच्या बाजूत. सपाट जागा, उन्हात तापलेली, मांजर चढणार नाही: वाळवणाला काय हवं आणखी? कुरडया, सांडगे, शाबूचे पापड. मी तिला सांगितलं, वरचा पत्रा दोन मिलिमीटरचा असतो, डब्याचं सगळं ओझं चार कोपऱ्यांच्या खांबांवर. मध्ये माणसं बसली तर पत्रा दबतो, आणि मे महिन्यात पापड वाळण्याऐवजी भाजून निघतील. "मग काय उपयोगाचा हा?" असं म्हणून तिनं विषय संपवला. माझ्या मते सबंध चर्चेत नेमका प्रश्न तोच होता.

कंटेनरला पाया लागत नाही, हे दुसरं आवडतं वाक्य. पाया लागत नाही, पण सपाटी लागते, आणि सोलापूरच्या काळ्या मातीला सपाट राहायचा स्वभाव नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चार कोपऱ्यांतला एक जरी दोन इंच खाली बसला की डबा तिरका होतो आणि ती अवजड दारं उघडता उघडत नाहीत. म्हणून काळी माती काढून मुरूम भरायचा, रोलर फिरवायचा, कोपऱ्याखाली काँक्रीटचे ठोकळे घालायचे. याला पाया म्हणत नाहीत, पण पैसे पायाचे लागतात. 'पाया नाही म्हणजे परवानगी नाही' हेही असंच. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम पायाकडं नाही, जमिनीच्या वापराकडं बघतो. शेतात राहायला लागलात, मीटर घेतलात, की डबा चाकावर असो वा ठोकळ्यावर, विचारणारा येऊन विचारतोच.

आणि डबा रानात न्यायचा म्हणजे नुसता हायवे नव्हे. हायवेवरून ट्रेलर झोकात येतो, पुढं पाणंद लागते. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना बाभळी, वर लोंबकळणारी लाईन, मध्ये भाऊबंदकीचा बांध. सव्वादोन टनांचा डबा बांधावरून हायड्रानं उचलून नेताना ज्या चुलत्याशी दाजींचं बोलणं बंद होतं, त्याच्याशी परत बोलणं सुरू करावं लागलं. कंटेनरचा एवढा एक सामाजिक लाभ मान्य केला पाहिजे.

सीनेचीही एक भानगड आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना अशी काही भरून आली की लांबोटीजवळ पुणे हायवे बंद ठेवावा लागला. रिकामा, घट्ट बंद डबा थोडं पाणी चढलं की हिशेबानं तरंगायला लागतो. मी दाजींना म्हटलं, बांधून ठेवा, नाही तर एखाद्या पावसाळ्यात तुम्ही झोपाल मोहोळ तालुक्यात आणि उठाल हत्तरसंग कुडलला, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथं शके ९४० चा मराठी शिलालेख आहे. शेजारी तुमच्या डब्यावरची अकरा अक्षरं. पुढची पिढी दोन्हींसमोर उभी राहून सारखीच गोंधळेल. दाजींनी फाईलमध्ये लिहिलं, "साखळदंड."

'राहणे' हा रकाना अशा रीतीनं भरत गेला आणि भरता भरता रद्द झाला. उरला 'ठेवणे'.

इथं मात्र डबा आपल्या जातीवर येतो. फक्त काय ठेवायचं ते कळलं पाहिजे. कांदा ठेवायचा म्हणाल तर नको. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याचे ढीग बघितलेला माणूस सांगेल, कांद्याला खालून-बाजूनं वारा लागतो. म्हणून कांदाचाळ जमिनीपासून उचललेली आणि फटींची असते. बंद डब्यात कांदा भरला तर काही दिवसांत दाजींचा पत्ता विचारावा लागणार नाही, वासावरून येता येईल. ज्वारी? आपल्याकडं पूर्वी ज्वारी पेवात असायची. पेव इतकं बंद की आतला किडाही हवेवाचून मरायचा. माणूसही मरायचा, म्हणून उघडल्यावर आधी कंदील सोडून बघायचे, विझला तर आत उतरायचं नाही. कंटेनर पेवाइतका हवाबंद नाही आणि चाळीइतका हवेशीर नाही. दिवसा तापतो, रात्री गार पडतो, आत दमट हवा असली तर वरच्या पत्र्याला थेंब धरतात आणि खाली ठिबकतात. टॉवेलवाले याला 'कंटेनर रेन' म्हणतात. म्हणून तर माल पाठवताना आत ओल शोषणाऱ्या पुड्या टांगतात. सोलापूरच्या आभाळातून न पडणारा पाऊस डब्यात पडतो, यावर दाजींचा विश्वास बसायला बराच वेळ लागला. टेंभुर्णी-करमाळ्याकडची केळी परदेशी जातात ते रीफर डबे निराळे. त्यांच्या भिंतींतच थर भरलेला असतो. तसा जुना मिळाला, त्यातली यंत्रणा बंद असली, तरी उन्हाला तो साध्या डब्यापेक्षा चांगला टिकतो. किंमतही तशीच सांगतात.

पण ठिबकच्या नळ्या, पाण्याची मोटार, केबल, फवारणी पंप, पाईप, खोरी-टिकाव यांना कंटेनरसारखी जागा नाही. रानातून केबल आणि मोटार चोरीला जाणं हा शेतकऱ्याचा कायमचा ताप. पत्र्याच्या शेडचा पत्रा चोर वाकवून आत जातो. कंटेनरपुढं तो निराश होतो. यासाठी खिडकी नको, पंखा नको, पुण्याची मुलगी नको. मुरूम, चार ठोकळे, वर थोडी सावली आणि एक चांगलं कुलूप. डबा डबाच राहिला तर त्याचे सगळे पैसे वसूल होतात.

तसा तो आला. रानात चार ठोकळ्यांवर बसला. दाजींनी नारळ फोडला, चुलत्यानं दुसरा फोडला. मोटार, केबल, नळ्या आत गेल्या आणि तरीही अर्ध्याहून जास्त जागा शिल्लक राहिली. रिकामी जागा ही आपल्या घरांना सहन न होणारी गोष्ट. दुसऱ्याच रविवारी माळ्यावरचं सामान टेम्पोत चढलं: पितळी बंब, घंगाळं, दोन कूलरचे सांगाडे, पोरीच्या लग्नातले आहेराचे स्टीलचे डबे न उघडता, 'कधी तरी लागतील' म्हणून ठेवलेल्या प्लायच्या फळ्या, आणि दाजींची व्यायामाची सायकल.

हे सगळं आत रचून झालं त्या दिवशी आमचे अक्कलकोट रोडचे टॉवेलवाले स्नेही डबा बघायला आले होते. बोलता बोलता त्यांनी आक्काला धंद्यातली एक गंमत सांगितली. जहाज कंपनी डबा देते तेव्हा काही दिवस फुकट असतात. तेवढ्यात माल काढून डबा परत केला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला डिटेन्शन म्हणून दंड बसतो आणि तो दिवसागणिक चढत जातो. म्हणून कुठल्याच कारखानदाराच्या डब्यात नको असलेली वस्तू एक दिवसही पडून राहत नाही.

आक्का ऐकत होती. तिनं मुकादमाकडं असतो तसला खडू मागून घेतला आणि दाराच्या आतल्या बाजूला प्रत्येक वस्तूचं नाव आणि आत गेल्याची तारीख लिहून काढली.

"फुकटचे दिवस किती धरायचे?" तिनं विचारलं.

"ते ज्याच्या त्याच्या ठरावावर असतंय वहिनी," टॉवेलवाले म्हणाले.

"दिवाळीपर्यंत," आक्का म्हणाली. "त्याच्या पुढं भंगारवाला."

दाजी मुकाट्यानं आत गेले आणि सायकल बाहेर काढून, पाय पुसून, तिच्यावर बसून पाहू लागले.